क्लच नसलेल्या गाड्या : दिसायला सख्ख्या, स्वभावाने चुलत



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावात दोन गोष्टी हमखास घडतात. कुठे अर्धवट राहिलेला स्लॅब पडतो, कुठे दारात नवी गाडी उभी राहते. पूर्वी ही गाडी म्हणजे मोटारसायकल असे. आता चारचाकी असते, आणि अलीकडे चारचाकीत पहिला प्रश्न रंगाचा नसून 'गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक?' हा असतो. कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणाच्या घरी सूनबाई नव्याने गाडी शिकतात, कुणाला शहरातल्या गर्दीत क्लच दाबून दाबून कंटाळा आलेला असतो. म्हणून ऑटोमॅटिक घेतली जाते. त्यात गैर काहीच नाही.

अडचण दुसरीच आहे. ऑटोमॅटिक हा शब्द एक, पण त्याच्या पोटात चार निरनिराळी यंत्रे आहेत. बाहेरून पाहाल तर चारही सारखी. पायाशी क्लच नाही, फक्त ब्रेक आणि रेस. हाताशी एक दांडी. पण चढावर, उतारावर, चिखलात, वाळूत आणि दुरुस्तीच्या बिलात या चौघांचे वागणे अगदी वेगळे. हंगाम आटोपला की आपल्याकडची बरीच कुटुंबे ताम्हिणी, वरंध किंवा आंबेनळी घाट उतरून रायगडच्या किनाऱ्यावर जातात. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही आपली ठरलेली ठिकाणे. या एकाच सहलीत घाट, खाडीवरच्या फेरीबोटीचा उतार, वाळू आणि गर्दीची रांग या चारही परीक्षा गाडीला द्याव्या लागतात. म्हणून हा विषय किनाऱ्याच्या निमित्ताने मांडावा असे आम्ही ठरवले.

नाव एक, यंत्र निराळे

आधी एक उदाहरण बघा. मारुतीची ब्रेझा सर्वांच्या ओळखीची आहे. २०१८ साली डिझेल ब्रेझात ऑटोमॅटिक आली ती एएमटी प्रकारची. २०२० साली पेट्रोलची आली, तिच्यात चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता. २०२२ साली नवी ब्रेझा निघाली, तिच्यात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसला. म्हणजे चार वर्षांत एकाच नावाखाली तीन वेगळ्या पेट्या. जुन्या बाजारात 'ब्रेझा ऑटोमॅटिक आहे' एवढ्यावर जो सौदा करील, त्याला आपण काय घेतले हेच कळणार नाही.

नव्या गाड्यांतही तेच आहे. आपल्या चाकणला तयार झालेली स्कोडाची कुशाक २०२१ साली बाजारात आली, तेव्हा लहान इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि मोठ्या इंजिनाला सात गिअरची दोन क्लचवाली पेटी होती. नाशिकला बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही थ्री एक्स ओ २०२४ साली आली, तेव्हा पेट्रोलच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणि डिझेलच्या ऑटोमॅटिकमध्ये एएमटी होती. ह्युंदाईच्या २०२० सालच्या क्रेटात तर तीन इंजिनांना तीन तऱ्हेच्या ऑटोमॅटिक होत्या. मागच्या काचेखालचे नाव वाचून पोटातले यंत्र ओळखता येत नाही, ही पहिली गोष्ट सभासदांनी ध्यानात ठेवावी.

चौघांची ओळख

पहिली एएमटी. ही म्हणजे साधी गिअरची गाडीच. तोच क्लच, तीच प्लेट, तेच गिअर. फरक एवढाच की क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक छोटे यंत्र करते. जणू गाडीत एक अदृश्य ड्रायव्हर बसवला आहे. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत ही पेटी आणली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मारुती तिला एजीएस म्हणते. गिअर बदलताना गाडी क्षणभर थबकते आणि आतली माणसे मान डोलावतात, ही हिची खूण. किंमत सर्वांत कमी, ॲव्हरेज गिअरच्या गाडीइतके, दुरुस्तीही बरीचशी ओळखीची.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टरची. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एक चाक फिरवते, तेल दुसऱ्या चाकाला रेटते, आणि मधल्या तिसऱ्या चाकामुळे सुरुवातीचा रेटा वाढतो. घासणारा क्लच इथे नाही, म्हणून गाडी लोण्यासारखी सुटते. गंमत अशी की ही कल्पना रस्त्यावरची नव्हेच, ती समुद्रावरची. जर्मनीत जहाजांच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेरमान फ्योटिंगर या इंजिनिअरने जहाजाची टर्बाइन आणि पंखा जोडण्यासाठी ती शोधून १९०५ साली पेटंट घेतले. मोटारीत ती नंतर आली. तेलाच्या चाकामागे जे गिअर असतात, ते मध्ये एक चाक आणि भोवती फिरणारी लहान चाके अशा मांडणीचे, म्हणजे प्लॅनेटरी. अनेक साखर कारखान्यांच्या मिलला आता याच जातीचे गिअरबॉक्स बसले आहेत, तेव्हा आपल्या मंडळींना हा शब्द नवा नाही.

तिसरी सीव्हीटी. हिच्यात ठरलेले गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा. पुलीची तोंडे जवळ-लांब होतात, पट्टा वर-खाली सरकतो आणि वेग बदलतो. हे ऐकून कुणी बिचकू नये, कारण आपल्यापैकी कितीतरी जणांनी हे यंत्र चालवलेले आहे. १९७२ साली आलेल्या कायनेटिकच्या लुनाला क्लच दाबावा लागत नसे, पण तिला गिअर एकच. १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली, ती पट्ट्याची. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरही पट्ट्याच्याच. मोटारीत रबराऐवजी पोलादी पट्टा किंवा साखळी असते, एवढेच. ह्युंदाईवाले तिला आयव्हीटी म्हणतात. चाल अगदी मऊ, पण जोरात रेस दिली की इंजिन ओरडते आणि गाडी मागाहून निघते.

चौथी दोन क्लचवाली. डीसीटी, डीएसजी, डीसीए ही तिचीच नावे. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. पळायला हिच्यासारखी नाही. पण क्लच तो क्लचच, घासला की तापतो. यातही दोन पोटजाती आहेत, कोरड्या क्लचची आणि तेलात बुडालेल्या क्लचची. तेलातली पेटी उष्णता जास्त सोसते. टाटाने २०२२ साली अल्ट्रोझमध्ये दिली ती तेलातली.

विजेवरच्या गाड्यांचा या चौघांशी संबंध नाही. त्यांत सहसा गिअर बदलतच नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये एस. टी. ची विजेवरची शिवाई पुणे-नगर मार्गावर सुरू झाली, तिलाही क्लच नाही. पण म्हणून ती या चार प्रकारांत बसत नाही.

धक्क्याचा उतार

आता किनाऱ्यावर येऊ. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट २०२० सालापासून मोटारी घेऊन येते. पण खरी परीक्षा खाडीवरच्या लहान फेरीबोटींत. मुरूडकडून श्रीवर्धनकडे जाताना आगरदांडा ते दिघी, आणि हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेश्वीला. इथे बोटीचे तोंड सिमेंटच्या उतारावर टेकते आणि गाड्या चढतात-उतरतात. ओहोटी असली की उतार लांब आणि खालचा भाग शेवाळाने निसरडा. पुढे गाडी, मागे गाडी, आजूबाजूला उतरलेली बायकामाणसे, आणि शेवटी पाणी.

या उतारावर चौघांचा फरक लख्ख दिसतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ब्रेक सोडला की तेलाच्या रेट्याने ती आपोआप हळूहळू पुढे सरकते. थोड्या चढावर तेवढा रेटा तिला धरूनही ठेवतो. बहुतेक सीव्हीटी गाड्याही तशाच सरकतात. एएमटीचे तसे नाही. ब्रेक दाबलेला असताना तिचा क्लच सुटलेला असतो. ब्रेकवरून पाय काढून रेसवर ठेवेपर्यंत आणि आतल्या यंत्राने क्लच धरेपर्यंत जो क्षण जातो, त्या क्षणात गाडी मागे येऊ शकते. मागे तुमच्या मुलाबाळांनाच उतरवून उभे केलेले असते, हे विसरू नका. काही एएमटीत आणि बहुतेक दोन क्लचवाल्यांत 'हिल होल्ड' नावाची सोय असते. ती ब्रेक सुटल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरते. दोन सेकंद, जास्त नाही. तेवढ्यात रेस दिली नाही तर गाडी मागे येतेच.

यावर उपाय जुनाच आहे आणि चौघांनाही लागू पडतो. पुढची गाडी पूर्ण बोटीत किंवा पूर्ण वर जाईपर्यंत आपण निघायचे नाही. हँडब्रेक ओढून थांबायचे. निघताना हळू रेस द्यायची, गाडीने ओढ घेतली असे जाणवले की मग हँडब्रेक सोडायचा. चढावर गाडी रेसवर तरंगत ठेवायची सवय पुष्कळांना असते. एएमटी आणि दोन क्लचवालीत ती सवय म्हणजे प्लेट जाळणे.

दुसरी गोष्ट डाव्या पायाची. गिअरची गाडी वर्षानुवर्षे चालवलेला माणूस घाईत डावा पाय मारतो. तिथे क्लच नसतो, ब्रेक असतो, आणि गाडी जागच्या जागी आपटते. त्या गडबडीत उजवा पाय भलतीकडे पडला तर बोटीवर त्याचा अर्थ काय होईल, हे सांगायला नको. डावा पाय मांडी घातल्यासारखा बाजूला ठेवावा. ब्रेकलाही उजवा, रेसलाही उजवा.

तिसरी गोष्ट उभी करण्याची. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि दोन क्लचवालीच्या दांडीवर किंवा बटणांत 'पी' असतो. त्यात पेटीच आतून अडकते. पण बहुतेक एएमटीत 'पी' नसतोच. 'आर', 'एन' आणि 'डी' किंवा 'ए' एवढेच. शेजाऱ्याची टॉर्क कन्व्हर्टरची गाडी चालवून सवय झालेला मनुष्य आपली एएमटी 'एन'वर सोडून उतरला, तर बोटीच्या किंवा धक्क्याच्या उतारावर ती चालू लागेल. एएमटीत इंजिन बंद करताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गिअरमध्ये ठेवावी आणि हँडब्रेक पक्का ओढावा. 'पी' असलेल्या गाडीतही आधी हँडब्रेक, मग 'पी'. नाहीतर सगळा भार आतल्या एका लहानशा खिट्टीवर पडतो.

घाट आणि रांग

कोकणात उतरताना इंजिनाचा ब्रेक फार मोलाचा. गिअरच्या गाडीत आपण दुसरा-तिसरा टाकून उतरतो. ऑटोमॅटिकमध्ये 'डी'वर सोडून दिले तर ती आपल्या बुद्धीने वरचा गिअर घेते, गाडी सैल सुटते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. ताम्हिणी किंवा आंबेनळी उतरताना एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर आणि दोन क्लचवालीत 'एम'वर घेऊन खालचा गिअर हाताने टाकावा. सीव्हीटीत 'एल', 'बी', 'एस' यांपैकी जे असेल ते वापरावे. पेट्रोल वाचवायला उतारावर 'एन' टाकणारे महाभाग अजून भेटतात. त्यांनी तो विचार सोडावा. त्यात इंजिनाचा ब्रेक जातोच, आणि पुन्हा 'डी'त टाकताना पेटीला झटकाही बसतो.

दुसरी परीक्षा रांगेची. माणगाव-इंदापूरच्या बाजूला गणपतीत आणि सुट्टीत लागणारी रांग कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फूटभर पुढे, थांब, पुन्हा फूटभर. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीला या चालीचे काही वाटत नाही. कोरड्या क्लचची डीसीटी आणि एएमटी मात्र या चालीत हाफ क्लचवर राहते आणि तापते. मग 'पेटी तापली' अशी सूचना येते. अशा वेळी पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी आणि एकदाच सरकावे. फार वेळ थांबायचे असेल तर 'एन' आणि हँडब्रेक.

वाळूतली फेरारी

२०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली आणि ती बैलगाडीने ओढून बाहेर काढावी लागली. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आपल्या तोडणी-वाहतुकीच्या बैलजोड्यांना ओल्या रानातून भरल्या गाड्या काढण्याची सवय, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटले नसेल. पण त्यात धडा आहे. २००८ सालच्या कॅलिफोर्नियापासून फेरारीने दोन क्लचवाली पेटी आणली, म्हणजे जगातल्या महागड्या गाडीत आणि आपल्याकडच्या डीसीटीत तत्त्व एकच. वाळूपुढे दोघी सारख्याच लाचार.

पहिला नियम असा की गाडी पुळणीवर न्यायचीच नाही. चुकून रुतलीच, तर रेस मारत बसू नये. चाक फिरते तेवढी गाडी आणखी खाली बसते. एएमटी आणि डीसीटीत प्लेट जळते, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत तेल उकळते. सगळ्यांना खाली उतरवावे, चाकापुढची वाळू काढावी, फळी किंवा झावळ्या घालाव्यात आणि मग हळू काढावी.

ओढून न्यायची वेळ आली तर मात्र चौघांतला फरक पैशांत मोजावा लागतो. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या पेटीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके जमिनीवर फिरत असतील, तर आतले भाग कोरडेच घासतात. वाळूतून चार हात बाहेर ओढणे वेगळे आणि दोरी बांधून श्रीवर्धनहून माणगावला नेणे वेगळे. अशी गाडी पाटावर चढवून किंवा ओढणारी चाके उचलूनच न्यावी. दोन क्लचवालीलाही हेच धोरण बरे. एएमटी 'एन'मध्ये येत असेल, तर ती साध्या गिअरच्या गाडीसारखी ओढता येते. पण बॅटरी उतरून ती गिअरमध्येच अडकली असेल, तर तिलाही पाटच लागतो. मदतीला येणाऱ्याला ही गोष्ट माहीत असेलच असे नाही. आपल्याला माहीत असली पाहिजे.

परत आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावा. खाऱ्या हवेपेक्षा तळाला चिकटलेली खारी वाळू जास्त नुकसान करते.

तेलाचा घोळ

आपल्याकडे एक समजूत आहे की ऑटोमॅटिकचे तेल म्हणजे लाल तेल. ही समजूत महागात पडते. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल वेगळे, सीव्हीटीचे वेगळे, तेलातल्या क्लचच्या डीसीटीचे वेगळे. एएमटीत गिअरला साधे गिअर ऑइल आणि क्लच चालवणाऱ्या यंत्रात हायड्रॉलिक ऑइल असते. सीव्हीटीचा पट्टा पुलीवर धरून ठेवण्याचे काम त्या विशिष्ट तेलावर अवलंबून असते. चुकीचे तेल पडले की पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात आणि आख्खी पेटीच बदलण्याची पाळी येते. डब्यावरचा नंबर आणि गाडीच्या पुस्तिकेतला नंबर जुळवून पाहावा. 'चालतंय की' हे उत्तर ऐकून घेऊ नये. काही पुस्तिकांत पेटीचे तेल बदलायची गरज नाही असे म्हटलेले असते. पण घाटात आणि भरल्या गाडीत जास्त चालणाऱ्यांनी ते तपासत राहावे.

सही करण्यापूर्वी

कोणती घ्यावी, असे सभासद विचारतात. सर्वांना एक उत्तर नाही. खर्च बेताचा, गावातल्या मेकॅनिकवर भरवसा आणि रोजचा रस्ता सपाट असेल, तर एएमटी पुष्कळ झाली. गिअरच्या गाडीपेक्षा तिला साधारण अर्ध्या लाखाच्या आसपास जास्त पडतात, बाकीच्यांना बहुधा लाख किंवा वर. घरात वयस्कर माणूस चालवणार, घाट आणि खाडीचे धक्के नेहमीचे, गाडी दहा वर्षे ठेवायची, तर टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यांत सोशिक. शहरात राहणाऱ्या मुलासाठी सीव्हीटी गुळगुळीत. वेगाची हौस आणि जवळ चांगले सर्व्हिस सेंटर असेल, तरच दोन क्लचवाली.

दुकानात गेल्यावर 'ऑटोमॅटिक आहे का?' असे विचारू नका. 'यातली पेटी कोणती?' असे विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून मागा. 'हिल होल्ड' आहे का, 'पी' आहे का, पेटीची वॉरंटी किती वर्षे आणि किती किलोमीटर, तेल कोणते व कधी, हेही विचारा. गाडी चालवून पाहताना दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नका. जवळचा एखादा चढ शोधा, मध्यावर थांबा आणि तिथून निघून दाखवा. जो पुढे रोज चालवणार आहे, त्यानेच हे करावे. मुलाने चालवून वडिलांसाठी पसंत करू नये. जुनी गाडी असेल तर पेटीचे काम झाल्याच्या पावत्या मागा, आणि थंड इंजिनावर व तापलेल्या इंजिनावर अशी दोनदा चालवून पाहा.

बियाणे आणताना आपण नुसता 'ऊस' मागत नाही. २६५ की ८६०३२, लागण कधीची, बेणे किती महिन्यांचे, हे दहा वेळा विचारतो, कारण वर्षाचे पीक त्यावर असते. दहा-बारा लाखांच्या गाडीला, आणि तिच्यात बसणाऱ्या घरच्या माणसांना, तेवढीच विचारपूस लागू आहे.